रक्ताचा कर्करोग आणि कुळाचा दोष

लहान मुलास रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान होताच दोन्ही कुळांचा पूर्वेतिहास उकरून काढण्याची आपल्याकडे चाल आहे, आणि अहवालात ‘जनुकीय बदल’ असे शब्द आढळले की आईच्या माहेराकडे बोट दाखविणाऱ्यांच्या हाती जणू लेखी दाखलाच येतो. हा समज साफ चुकीचा आहे आणि त्यापायी आयांवर होणारा अन्याय फार मोठा आहे.

बालवयात सर्वाधिक आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात पुष्कळदा १२व्या आणि २१व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली दिसते. परंतु हा फेरबदल त्या बालकाच्याच एखाद्या रक्तपेशीत, बहुधा गर्भावस्थेत, घडतो आणि मातापित्यांच्या पेशींत त्याचा मागमूसही नसतो. एकाच वारेवर वाढलेल्या जुळ्यांपैकी दोघांनाही हा रोग होतो तेव्हासुद्धा कारण वंशाचे नसून, एकाच्या बिघडलेल्या पेशी सामाईक रक्तवाहिन्यांतून दुसऱ्याकडे गेलेल्या असतात. अपवाद आहेतच: गुणसूत्रांची संख्या फार घटलेल्या एका विरळ प्रकारात टीपी५३ जनुकाचा दोष वारशाने आलेला असू शकतो, आणि तेथे कुटुंबाचीही तपासणी करणे अगत्याचे असते.

‘रोग उलटला, आता आशा संपली’ हा दुसरा समज. कोलकात्याच्या न्यू टाउन वसाहतीत २०११ साली सुरू झालेल्या टाटा मेडिकल सेंटरच्या आवारातील संशोधन केंद्राची धुरा वाहिलेले बालकर्करोगतज्ज्ञ भास्कर साहा आणि त्यांचे सहकारी यांनी, साहा इंग्लंडात असताना केलेल्या आणि २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पहिल्यांदा उलटलेल्या रोगावर आयडारुबिसिनऐवजी मायटोझॅन्ट्रोन दिले असता, तीन वर्षांनंतर रोग पुन्हा न बळावलेल्या मुलांचे प्रमाण ३५.९ टक्क्यांवरून ६४.६ टक्क्यांवर गेले. बाकीचे उपचार तेच होते; एका औषधाच्या बदलाने एवढे अंतर पडले, ही गोष्ट निराश पालकांच्या कानी कोणीतरी घालावयास हवी.

तिसरा समज असा की, जितके औषध अधिक तितका गुण अधिक. वस्तुतः भारतातील आयसायकल नामक बहुकेंद्री चाचणीत, जिच्यात साहा यांचा पुढाकार आहे, पहिल्या काही आठवड्यांच्या उपचारानंतर अस्थिमज्जेत दहा हजारांत एखादी रोगपेशी तरी शिल्लक आहे काय, याचा हिशेब घेऊन पुढील उपचारांची तीव्रता ठरविली जाते. आणि वारशाचा खरा संबंध येतो तो येथे, औषधाच्या मात्रेत: पुढे दीर्घकाळ रोज घ्यावयाच्या मर्कॅप्टोप्युरिनच्या गोळ्या पचविणाऱ्या एनयूडीटी१५ जनुकाचा एक भेद युरोपीयांत विरळ, परंतु पूर्व आणि दक्षिण आशियातील लोकांत बराच आढळतो, तो असलेल्या मुलाच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या मात्रेनेही धोकादायक रीतीने घसरतात, सबब वारंवार रक्त तपासून गोळी कमी करावी लागते, आणि अशी कमी केलेली मात्रा पाहून पालकांनी उपचारात हयगय होत असल्याची शंका घेण्याचे कारण नाही.