धुऱ्यावरचा विंगर: क्लिफर्ड मिरांडा

आजचा एपिसोड माझ्या दहावीतल्या भाच्यामुळे. त्याला फुटबॉलचं वेड आहे आणि घरच्यांचा एकच प्रश्न, "खेळून पोट भरते का रे?" त्याचा प्रश्न मात्र वेगळा होता: "मामा, पाय थकले की मग काय?"

आमच्या सौंदडला धान कापून झालं की बांध्यांमध्ये खेळ सुरू व्हायचा. सगळ्यात लहान पोराला धुऱ्यापाशी, म्हणजे पार कडेला उभं करायचे. तो पोरगा मी. खऱ्या फुटबॉलमध्ये मात्र कडेचं काम कच्च्या माणसाचं नसतं. विंगर रेषेला चिकटून उभा राहिला की समोरच्या बचावपटूला तिकडे सरकावं लागतं आणि मधे जागा मोकळी होते. मग वेगाने पुढे जाऊन क्रॉस द्यायचा, चेंडू गेला की तेवढंच अंतर मागे पळत यायचं. म्हणून विंगरचा वेग कमी झाला की लगेच दिसतो.

गोव्याचा क्लिफर्ड मिरांडा असाच डावा विंगर. जन्म 1982 चा. करिअरचा मोठा भाग डेम्पोत गेला. आर्मांदो कोलासो यांच्या त्या डेम्पोने 2007-08 ची पहिलीच आय-लीग जिंकली, नंतर 2009-10 आणि 2011-12 सुद्धा. 2012 च्या नेहरू कप फायनलला कॅमेरूनविरुद्ध 2-2 झाल्यावर पेनल्टी आल्या. भारत 5-4 ने जिंकला, त्यातली एक क्लिफर्डची.

मला जास्त आवडते ती पुढची गोष्ट.

खेळणं थांबवून तो कोचिंगमध्ये आला. जानेवारी 2020 च्या शेवटी एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा यांना काढलं. लीगचे 3 सामने बाकी, आणि जबाबदारी प्रभारी म्हणून क्लिफर्डवर. निकाल ऐका: हैदराबाद 4-1, मुंबई 5-2, जमशेदपूर 5-0. तीन सामन्यांत 14 गोल! गोवा लीगमध्ये पहिला आला आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात पोचणारा पहिला भारतीय क्लब ठरला.

पुढच्या मोसमाला मुख्य कोच कोण? स्पेनचे हुआन फेरांडो. क्लिफर्ड सहाय्यक.

2023 ला ओडिशात तेच. पुन्हा प्रभारी, आणि एप्रिलमध्ये बंगळुरूला 2-1 ने हरवून सुपर कप जिंकला. त्यानंतर तिथे मुख्य कोच म्हणून आले... लोबेरा! हो, तेच. लोबेरा मोठे कोच आहेत, वाद नाही. पण दोनदा प्रॉडक्शन वाचवलेल्या माणसाला आमच्या ऑफिसात निदान लीड तरी करतात हो.

भाच्याला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, गोड करून नाही. पाय थकल्यावरही काम असतं, पण खुर्ची अर्धीच मिळू शकते. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, कोचचं लायसन्स कसं काढतात?"

डी, सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो, अशा पायऱ्या आहेत. पुढचा एपिसोड त्यावरच करू.