जागा रिकामी आहे, पण कोणाच्या वहीत?

एक काळ असा होता की, दहावी-बारावीचा निकाल लागला की घरात दोन कामे ठरलेली असत. एक पेढे वाटण्याचे आणि दुसरे ‘एम्प्लॉयमेंटला नाव घालण्याचे’. नागपूर असो की इंदूर, बेळगाव असो की बडोदे, सकाळी लवकर उठून सेवायोजन कार्यालयाच्या रांगेत उभे राहायचे, गुणपत्रिकेची प्रत द्यायची आणि नोंदणी क्रमांकाचे कार्ड घेऊन घरी यायचे. ते कार्ड आई कपाटात जपून ठेवी. मुदत संपायच्या आत नूतनीकरण करायचे आणि ‘कॉल’ची वाट पाहायची. अनेकांचा कॉल कधी आलाच नाही.

का आला नाही, याचे उत्तर लोक एका भागाकाराने देत. २००० सालाच्या अखेरीस देशभरातील सेवायोजन कार्यालयांच्या चालू नोंदवहीत सुमारे ४ कोटी १३ लाख नावे होती. त्या वर्षभरात या कार्यालयांकडे कळवल्या गेलेल्या रिक्त जागा होत्या सुमारे २ लाख ८५ हजार, आणि कार्यालयामार्फत प्रत्यक्ष नोकरीला लागले सुमारे १ लाख ७८ हजार. म्हणजे एका जागेमागे १४५ उमेदवार! भागाकार बरोबर आहे. पण त्यावरून काढलेला अर्थ मात्र बरोबर नाही, कारण वरचा आकडा बेकारांचा नाही आणि खालचा आकडा देशातल्या रिकाम्या जागांचाही नाही.

वरच्या आकड्याची गोष्ट सोपी आहे. नाव नोंदवणे ऐच्छिक होते. नोंदवणाऱ्यांत शिकत असलेली मुले होती, लहानमोठी नोकरी करत असताना सरकारी नोकरीची आशा धरणारे होते. आणि खेड्यातला शेतमजूर, जो खरा रिकामा, तो त्या रांगेत उभाच राहिला नव्हता. खालच्या आकड्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी.

सक्ती होती, पण कशाची?

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा सैन्यातून परतणाऱ्या जवानांना कामधंद्याला लावण्यासाठी १९४५ मध्ये ही कार्यालये सुरू झाली. फाळणीनंतर निर्वासितांचे काम त्यांच्याकडे आले आणि १९४८ पासून ती सर्वांना खुली झाली. मालकांनी रिक्त जागा कळवल्याच पाहिजेत असा कायदा १९५९ मध्ये झाला आणि तो १ मे १९६० रोजी अमलात आला. योगायोग असा की, महाराष्ट्र राज्य जन्माला आले तोच हा दिवस.

या कायद्याने सर्व सरकारी व निमसरकारी आस्थापना आणि २५ किंवा अधिक माणसे कामाला असणाऱ्या खासगी आस्थापना यांच्यावर जागा कळवण्याचे बंधन घातले. आता त्यातून काय वगळले ते पाहा. खासगी शेतीतली कामे वगळली, घरकाम वगळले, तीन महिन्यांहून कमी मुदतीचे काम वगळले, कार्यालयातील अकुशल काम वगळले. बढतीने किंवा लोकसेवा आयोगासारख्या स्वतंत्र यंत्रणेमार्फत भरायच्या जागाही वगळल्या. महिना ६० रुपयांहून कमी पगाराची जागाही कळवायची नव्हती. १९५९ साली या अटीला काही अर्थ होता; पुढे रुपया कुठल्या कुठे गेला, पण छापील नमुन्यात ते साठ रुपये तसेच राहिले!

शिवाय सक्ती होती ती जागा कळवण्याची, कार्यालयाने पाठवलेला उमेदवार घेण्याची नव्हे. कायद्यातच तसे लिहिलेले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ते स्पष्टही केले. १९९६ मध्ये याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, केवळ सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागवणे पुरेसे नाही. वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरदर्शन यांतूनही जागा जाहीर कराव्यात. उमेदवारांच्या दृष्टीने हे न्याय्यच होते. पण त्यामुळे कार्यालयाची वही हा नोकरीचा एकमेव दरवाजा उरला नाही.

आणि जागा कळवलीच नाही तर? पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक गुन्ह्याला १,००० रुपयांपर्यंत. एवढ्या दंडाला कोणता कारखानदार घाबरणार?

निरंक!

हे आकडे प्रत्यक्षात कुठे जन्माला येत, ते पाहण्यासारखे आहे. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या चार महिन्यांच्या अखेरीची स्थिती दाखवणारे ‘ईआर-१’ नावाचे विवरणपत्र तीस दिवसांच्या आत पाठवायचे असे. मागच्या तिमाहीच्या शेवटच्या दिवशी पटावर किती माणसे होती, या तिमाहीच्या शेवटी किती, त्यात स्त्रिया किती, पुरुष किती, हे त्यात लिहायचे. मग तिमाहीत किती जागा निर्माण झाल्या, किती कळवल्या, किती भरल्या आणि कोणत्या मार्गाने भरल्या, तेही. योग्य उमेदवार मिळत नाही म्हणून अडून राहिलेल्या जागांसाठी वेगळा रकाना. याशिवाय दर दोन वर्षांनी ‘ईआर-२’, ज्यात कोणत्या व्यवसायातली किती माणसे आहेत याचा तपशील.

नमुना विचारपूर्वक केलेला आहे, यात शंका नाही. पण तो भरणारा कोण? आस्थापना विभागातला एक कारकून, ज्याच्या टेबलावर भविष्य निर्वाह निधीची, विम्याची आणि आणखी चार खात्यांची कागदपत्रे आधीच साचलेली. रिक्त जागांच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिले की काम संपले. मालकाने ओळखीतला मुलगा आधीच ठेवून घेतला असेल तर जागा ‘रिक्त’ अशी उरतेच कुठे? काम ठेकेदाराला दिले असेल तर माणसे ठेकेदाराच्या पटावर. आणि चोवीस माणसांचे वर्कशॉप तर कायद्याच्या बाहेरच. दहा ते चोवीस माणसांच्या आस्थापनांकडून माहिती घेतली जाई, पण ती खुशीची.

थोडक्यात, ‘अधिसूचित रिक्त जागा’ हा आकडा देशात किती जागा रिकाम्या आहेत हे सांगत नव्हता. कायद्याच्या कक्षेतल्या किती मालकांनी किती जागा कळवण्याची तसदी घेतली, एवढेच तो सांगत होता. आता १९५९ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. सेवायोजन कार्यालयांच्या जागी ‘करिअर सेंटर’ हा शब्द आला. मूळ चौकट मात्र तीच आहे: जागा कळवा; माणूस कोणता घ्यायचा ते तुम्ही ठरवा.

मंजूर पद म्हणजे नोकरी नव्हे

वर्तमानपत्रांत सर्वाधिक गाजतो तो आकडा वेगळाच असतो. १ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारच्या नागरी सेवेत मंजूर पदे ४० लाख ३५ हजार होती आणि भरलेली ३० लाख ५५ हजार. वजाबाकी केली की सुमारे ९ लाख ७९ हजार पदे रिक्त. हा आकडा संसदेत सांगितला गेला आणि घराघरांत चर्चा झाली की, सरकारकडे दहा लाख नोकऱ्या पडून आहेत.

पण ही कोणी मोजलेली जागा नव्हे, ही वजाबाकी आहे. मंजूर पद म्हणजे वित्त विभागाने कधीतरी दिलेली मान्यता. ते भरण्यासाठी पुन्हा परवानगी लागते, बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते, जाहिरात निघावी लागते. राज्यात नवा ‘आकृतिबंध’ मंजूर झाला की काही पदे कागदावरूनही जातात. केंद्राच्या नियमांप्रमाणे काही वर्षे सलग रिकामे राहिलेले पद रद्द झाले असे मानले जाते. आणि कित्येकदा ते काम कंत्राटी माणूस रोज करतच असतो; खुर्ची रिकामी नसते, फक्त हजेरीपटावरची ओळ रिकामी असते. मुलाला तीन-तीन वर्षे परीक्षेच्या तयारीला बसवणाऱ्या आईबापांनी हा फरक समजून घेणे फार गरजेचे आहे, असे आम्हाला वाटते.

जगात कसे मोजतात

अमेरिकेत डिसेंबर २००० पासून दरमहा सुमारे २१ हजार आस्थापनांना नमुना म्हणून निवडून थेट विचारले जाते. तिथली व्याख्या कडक आहे. महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी पद अस्तित्वात हवे, माणूस मिळाल्यास तीस दिवसांत काम सुरू होण्यासारखे हवे आणि मालक बाहेरून माणूस शोधण्याची प्रत्यक्ष खटपट करत असायला हवा. यांतली एक अट जरी तुटली तरी ती जागा मोजायची नाही. आपल्या मंजूर पदांना ही फूटपट्टी लावली तर किती उरतील?

आपल्याकडेही श्रम ब्यूरोने २०२१ मध्ये उद्योग, बांधकाम, व्यापार, वाहतूक, शिक्षण, आरोग्य अशा नऊ क्षेत्रांतल्या, दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांची तिमाही पाहणी सुरू केली आणि तीत रिक्त जागांचाही प्रश्न घातला. कायद्याच्या धाकाऐवजी नमुना पाहणी, ही दिशा योग्यच. अडचण यादीची. पाहणीसाठी आस्थापना निवडल्या त्या २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेच्या यादीतून. मधल्या काळात नोटाबंदी झाली, जीएसटी आला, करोना आला. किती दुकाने बंद पडली आणि किती नवी उघडली, ते जुन्या यादीला कसे कळावे?

आणखी एक गोम आहे. एखाद्या दिवशी रिकाम्या असलेल्या जागा आणि वर्षभरात रिकाम्या झालेल्या जागा हे दोन वेगळे आकडे आहेत. शाळेतली शिपायाची जागा आठ दिवसांत भरली तर ती तिमाहीअखेरच्या मोजणीत दिसतच नाही. गणिताच्या शिक्षकाची जागा मात्र वर्षभर अडून राहिली तर चारही तिमाहींत दिसते, आणि कोणी चार आकड्यांची बेरीज केली तर एकाच्या चार जागा होतात! केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय करिअर सेवेच्या संकेतस्थळावरील आकडे वाचतानाही हा प्रश्न आधी विचारावा: आज चालू असलेल्या जागा किती, की आजवर येऊन गेलेल्या सगळ्या?

शेवटी एकच पद घेऊ. समजा, एका अनुदानित महाविद्यालयातले प्रयोगशाळा सहायक ३१ मे रोजी निवृत्त झाले. मंजूर पदांच्या तक्त्यात एक जागा रिक्त झाली. भरतीची परवानगी आलेली नाही, म्हणून कारकून विवरणपत्रात निरंक लिहितो. अमेरिकी व्याख्येने ही जागाच नाही, कारण कोणी माणूस शोधत नाही. प्रात्यक्षिके तर घ्यायची आहेत, म्हणून एका मुलाला महिना ठरवून ठेवले आहे. घरोघर फिरणाऱ्या श्रमबल पाहणीत तो ‘काम करणारा’ म्हणून मोजला जातो. कारण त्या आठवड्यात कोणत्याही एका दिवशी एक तास काम केले तरी पुरे. आणि शेजारच्या घरातली बी.एस्सी. झालेली मुलगी, जी दोन वर्षे याच पदाच्या जाहिरातीची वाट पाहत आहे, ती बेकारांच्या आकड्यात येते ती त्या आठवड्यात आपण काम शोधत होतो किंवा करायला तयार होतो, असे तिने सांगितले तरच. ‘सध्या घरीच असते’ असे तिच्या वडिलांनी परस्पर सांगून टाकले, तर तिथेही निरंक.