पाण्यावरून धावणारा बेडूक

आपल्या खानदेशात दोन तऱ्हेचे बेडूक सर्वांच्या पाहण्यातले. पहिला, पहिल्या पावसात पिवळाधमक होऊन रात्रभर डरावणारा मोठा बेडूक. तो उन्हाळा जमिनीत दडून काढतो. दुसरा लहान, जेमतेम दोन-अडीच इंचांचा, करडा-हिरवट. फक्त डोळे वर ठेवून तो पाण्यात तरंगत असतो आणि चाहूल लागली, की पाण्यावरूनच टुणटुण उड्या घेत दूर जातो. शास्त्रज्ञ याला युफ्लिक्टिस सायनोफ्लिक्टिस म्हणतात. यातले सायनोफ्लिक्टिस हे नाव 1799 पासूनचे.

हा दुसरा बेडूक पाणी सोडून फारसा लांब जात नाही. गिरणा, पांझरा, वाघूर, बोरी या नद्यांचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडते, तेव्हा उरलेले डोह, विहिरी आणि बंधाऱ्यामागचे पाणी हाच त्याचा आसरा. पांझरेवरचे फड पद्धतीचे जुने बंधारे शेतीसाठी बांधले गेले. पण त्यांच्या पाण्यावर असे कितीतरी जीवही जगले.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. म्हणून पाण्यातले विष थेट त्याच्या अंगात भिनते. कापसावर फवारलेले औषध ओढ्यात वाहून आले, गावाचे सांडपाणी डोहात सुटले किंवा वाळू उपसून पात्र खरवडले, तर पहिला फटका त्यालाच बसतो. त्याची पिल्ले शेवाळ खातात. मोठे बेडूक किडे-डास खातात. आणि त्यांच्यावर मासे, बगळे, साप पोसतात. बेडूक गेला, की ही साखळीच तुटते.

एकेकाळी भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. 1987 मध्ये सरकारने ही निर्यात बंद केली. आपल्याला तर ही शिकवण फार आधीच मिळाली आहे. एका वैद्याने औषधासाठी बेडूक वापरण्याविषयी विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला मारण्यास मनाई केली, असे अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. मग ज्या पाण्यावर तो जगतो, ते पाणी नासवणे तरी कसे योग्य ठरेल?

घरातून एवढे नक्की करता येईल: फवारणीचा पंप आणि औषधाचे रिकामे डबे नदीत धुऊ नयेत. मुलांनी बेडकाला दगड मारला, तर हात धरून थांबवावे. आणि गावच्या डोहात कचरा पडत असेल, तर ग्रामसभेत उठून बोलावे. तेच पाणी झिरपून आपल्या विहिरीत येते.