एकच घाव, मिठावर आणि तांब्यावर

खडेमिठाचा टपोरा खडा खलबत्त्यात घ्या आणि बत्त्याने एकच घाव घाला. खडा चेपत नाही, पसरत नाही, टचकन फुटतो. आता ते तुकडे भिंगाखाली धरा. एखादा तरी असा सापडतोच, ज्याची फुटलेली बाजू काचेसारखी सपाट आणि कोपरे थेट काटकोनातले! घाव तर आपण कसाही घातला होता. मग ही शिस्त आली कुठून?

मिठात सोडियमने आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकलेला असतो. त्यामुळे सोडियमवर धन भार, क्लोरीनवर ऋण. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, म्हणून प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. मिलिमीटरभर लांबीत असे सुमारे ३५ लाख कण एका ओळीत उभे! या मांडणीत एका सोडियमची एका क्लोरीनशी बांधलेली जोडी कुठेच नाही. लॉरेन्स ब्रॅग या भौतिकशास्त्रज्ञाने १९१३ साली क्ष-किरणांच्या मदतीने हे दाखवलं, तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. भल्याभल्यांना ते पचेना. हेन्री आर्मस्ट्राँग या बुजुर्ग रसायनशास्त्रज्ञाने तर १९२७ सालीसुद्धा ‘नेचर’मध्ये पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटासारख्या रचनेवर तोंडसुख घेतलं.

आता घाव बसला की काय होतं? कणांचा एक थर शेजारच्या थरावरून एक घर सरकतो आणि सोडियमसमोर सोडियम, क्लोरीनसमोर क्लोरीन येतो. क्षणापूर्वी घट्ट धरून ठेवणारे थर एकमेकांना दूर लोटतात. म्हणून फूट पडते ती थराच्या रेषेतच, सपाट.

तोच घाव तांब्यावर पाहायचा तर पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत जावं. हातोड्याचे ठोके एका लयीत पडत असतात. पत्रा फुटत नाही; वळतो, खोलगट होतो, हळूहळू भांड्याचा आकार घेतो. शेवटी मठारकाम: शेजारी-शेजारी पडलेल्या ठोक्यांच्या चपट्या, लखलखत्या टिकल्या.

तांब्याच्या अणूंनी आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन सगळ्यांत सामायिक करून टाकलेले असतात. थर सरकला तरी नवा शेजारी जुन्यासारखाच, आणि इलेक्ट्रॉन दोघांनाही धरून. भांडण व्हायचं कारणच उरत नाही. हेच मोकळे इलेक्ट्रॉन तारेतून वीजही वाहून नेतात.

पण मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट याच्याही पुढची आहे. अख्खा थर एकदम सरकवायला जेवढा जोर लागेल असं गणित सांगतं, त्याच्या किती तरी पट कमी जोरात तांबं वाकतं. हे कोडं १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे सोडवलं. मोठी सतरंजी एका टोकाने ओढून पाहा, हलता हलत नाही. पण कडेला एक चुणी पाडा आणि ती पुढे ढकलत न्या, सतरंजी आपोआप सरकते. धातूतल्या अणूंच्या ओळींतही अशाच चुण्या असतात, आणि ठोक्यासरशी त्या धावत सुटतात.

गंमत अशी, की प्रत्येक ठोका नव्या चुण्या पाडतो. त्या वाढत जातात, एकमेकींत अडकतात आणि पत्रा ताठर होतो. मग तांबट तो भट्टीत लालसर तापवतो. उष्णतेने अणूंना हालचाल करता येते, गुंत्यांच्या जागी नीटनेटके नवे स्फटिककण तयार होतात आणि पत्रा पुन्हा मऊ पडतो. तापव, ठोक, पुन्हा तापव. पिढ्यान्‌पिढ्या तांबट हे करत आले आहेत, चुण्यांचा शोध लागण्याच्या फार आधीपासून.

मठार मात्र शेवटी होतो, आणि त्यानंतर भांडं भट्टीत जात नाही. ते गुंते तसेच आत राहतात. पाण्याने भरलेला हंडा कडेवर घेतला तरी चेपत नाही, त्यात या गुंत्यांचाही वाटा असतो.