डोक्यावरून न्हायचे किती वेळा?

गेल्या पावसाळ्यात तुर्भ्याच्या एका वस्तीत आम्ही किशोरवयीन मुलींची आरोग्य तपासणी घेतली. वजन, हिमोग्लोबिन, पाळीच्या तक्रारी असे सगळे विचारून झाले. सामान आवरत असताना नववीतली एक मुलगी मागे रेंगाळली. ओढणी डोक्यावरून घट्ट घेतलेली. हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्या डोक्यातून भुसा पडतो. वर्गात कोणी माझ्याजवळ बसत नाही." दोन दिवस ती शाळेतच गेली नव्हती.

आम्ही आईला बोलावले. आई म्हणाली, "ताई, मी तर रोज तेल लावते. न्हायला फक्त रविवारी घालते. सारखे धुतले तर डोक्याला अजून तेल सुटते आणि केस गळतात, असे सगळेच सांगतात." आईची काळजी खरी होती, पण माहिती चुकीची होती. हीच माहिती कोपरखैरण्यापासून बेलापूरपर्यंत आम्हाला घरोघरी ऐकायला मिळते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हाच विषय घेतला आहे.

तेल येते कुठून?

डोक्याच्या त्वचेत प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक तैलग्रंथी असते. ती सतत थोडे थोडे तेल तयार करते. हे तेल त्वचा मऊ ठेवते. ग्रंथीने किती तेल करायचे हे मुख्यतः आपल्या रक्तातील संप्रेरके ठरवतात. म्हणूनच लहान मुलांचे डोके फारसे तेलकट नसते, वयात येताना ते एकदम तेलकट होऊ लागते आणि बायकांची पाळी गेल्यानंतर तेल कमी होते.

शाम्पू हा त्वचेच्या वरचे तेल धुतो. आत ग्रंथीपर्यंत त्याचा हुकूम चालत नाही. नळाखालची बादली तुम्ही लवकर उपसली म्हणून नळ जोरात वाहू लागतो का? तो आपल्या धारेनेच वाहतो. तसेच इथे आहे. धुतल्यावर एक-दोन दिवसांत तेल पुन्हा जमते, ते नेहमीच्याच वेगाने जमते. स्वच्छ केसांवर ते लवकर नजरेत भरते, म्हणून "जास्त सुटले" असे वाटते. त्याचप्रमाणे महिनाभर केस न धुतल्याने ग्रंथीला "सवय" लागून तेल कमी होते, असेही घडत नाही. तेल फक्त साचत जाते.

साचलेल्या तेलाचे काय होते?

आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर मॅलॅसेझिया नावाची सूक्ष्म बुरशी राहते. श्रीमंताच्या डोक्यावर असते, गरिबाच्याही असते. ती या तेलावर जगते. तेलाचे विघटन करताना ती काही आम्ल पदार्थ मागे सोडते. ज्यांची त्वचा त्या पदार्थांना सहन करत नाही त्यांना खाज सुटते, त्वचेचे पापुद्रे भराभर निघतात. त्यालाच आपण कोंडा म्हणतो. म्हणजे कोंडा हा घाणेरडेपणाचा पुरावा नव्हे. तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या "अस्वच्छ" म्हणून लांब बसवले गेले, त्या समाजातल्या मुलीला कोंड्यापायी बाक सोडावा लागणे आम्हाला फार लागले. त्या वर्गातल्या बाईंना आम्ही हे भेटून सांगितले आणि त्यांनी ते वर्गात समजावून दिले.

आता त्या आईची चूक लक्षात येईल. कोंडा "कोरडेपणामुळे" होतो असे समजून ती रोज तेल चोपडत होती आणि सात दिवस ते धूत नव्हती. बुरशीला ती रोज जेवायलाच वाढत होती.

मग किती वेळा धुवावे?

सगळ्यांना एकच आकडा लागू नाही. डोके, हवा आणि काम बघून ठरवावे. आपल्याकडची हवा खाडीकाठची, दमट. घाम वाळत नाही. त्यात काम कोणते, हेही महत्त्वाचे.

- वयात आलेली मुले-मुली, तेलकट डोके: दिवसाआड. गरज वाटली तर रोज सौम्य शाम्पूनेही चालते.
- वाशीच्या मार्केट यार्डात डोक्या-पाठीवर पोती वाहणारे माथाडी, सफाई कामगार, दगडखाणीत किंवा बांधकामावर काम करणारे: धूळ आणि घाम रोज साध्या पाण्याने धुवावा, शाम्पू आठवड्यातून तीन-चार वेळा. घामातले मीठ नुसत्या पाण्याने जाते, तेल मात्र जात नाही, हे ध्यानात ठेवा.
- साधारण डोके, घरातले किंवा कार्यालयातले काम: आठवड्यातून दोन ते तीन वेळा.
- कुरळे किंवा फार कोरडे केस, साठीच्या पुढचे लोक: आठवड्यातून एक-दोन वेळा पुरे.

२०२१ साली आशियाई लोकांच्या केसांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून पाच-सहा वेळा धुणाऱ्यांचे समाधान सर्वांत जास्त होते आणि वारंवार धुण्याने डोक्याचे किंवा केसांचे नुकसान झाल्याचे त्यात दिसले नाही. पण अभ्यास करणाऱ्यांत शाम्पू बनवणाऱ्या कंपनीचे शास्त्रज्ञ होते, हेही आपण वाचले पाहिजे. दुसरीकडे २००३ साली मुंबईच्या मॅरिको या तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की धुण्याआधी लावलेल्या खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी होते. सूर्यफुलाच्या तेलाने तसा फायदा होत नाही. शाम्पूवाला धुवा म्हणतो, तेलवाला लावा म्हणतो. आपण दोघांचे ऐकावे आणि आपल्या डोक्याला विचारून ठरवावे.

दोन्ही गोष्टी एकत्र बसतात, कारण डोक्याची त्वचा वेगळी आणि केसाची लांबी वेगळी. त्वचा जिवंत आहे, तिला स्वच्छता हवी. बाहेर आलेला केस निर्जीव आहे, त्याला घासाघीस सोसत नाही. म्हणून शाम्पू मुळांशी बोटांनी चोळावा, टोकांना नुसता फेस लागला तरी पुरे. तेल लावायचे तर धुण्याआधी तासभर, केसांच्या लांबीला लावावे. कोंडा असेल तोवर त्वचेवर तेल नको.

केस गळतात ते धुण्याने?

रोज साधारण ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. आठ दिवस न धुता राहिलात तर सुटलेले केस वेणीतच अडकून राहतात आणि न्हाताना एकदम हातात येतात. बाई घाबरते आणि न्हाणे आणखी लांबवते. पुढच्या वेळी गुंता आणखी मोठा. खरे गळण्याचे कारण बहुधा दुसरीकडे असते: रक्त कमी असणे, थायरॉईड, बाळंतपण, टायफॉईड-डेंग्यूसारखा मोठा ताप. ते रक्त तपासून शोधायचे असते.

पाणी आणि पैसा

"मॅडम, बोलायला सोपे आहे, पाणी कुठे आहे?" असे बायका विचारतात. बरोबर विचारतात. ज्या गल्लीत नळ ठरावीक वेळच चालतो तिथे रोज न्हाण्याचा उपदेश करणे सोपे नाही. म्हणून आम्ही पद्धत सांगतो. एक पुडी शाम्पू एकदम डोक्यावर ओतू नका. तांब्यात थोडे पाणी घेऊन त्यात कालवा, आधी भिजवलेल्या डोक्यावर मुळांशी घाला. बोटांच्या पेरांनी दोन मिनिटे चोळा, नखांनी नको. अशाने फेस कमी होतो आणि अर्ध्या-पाऊण बादलीत डोके निघते.

बोअरचे किंवा टँकरचे पाणी जड असेल तर अंगाचा किंवा कपड्याचा साबण डोक्याला लावू नका. त्याचा चिकट थर केसांवर बसतो, केस राठ होतात. शिकेकाई-रिठ्यात नैसर्गिक फेस असतो, ती चालते. पण डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि कोंड्यावर ते औषध आहे असे समजू नका.

वार, पाळी आणि जट

सोमवारी न्हाऊ नये, शनिवारी न्हाऊ नये, पाळीत चौथ्या दिवसापर्यंत डोक्यावरून पाणी घेऊ नये. यांपैकी एकालाही वैद्यकीय आधार नाही. डोके धुतल्याने पाळीचे रक्त अडत नाही, गर्भाशयाला थंडी लागत नाही. उलट त्या दिवसांत कोमट पाण्याची अंघोळ बरी वाटते.

याचे सर्वांत क्रूर टोक म्हणजे जट. केस फार दिवस विंचरले-धुतले नाहीत की तेल, धूळ आणि सुटलेले केस एकमेकांत गुंतून नमदा होतो. यात देवीचा काहीही संबंध नाही. पण जट दिसली की "यल्लम्माचे बोलावणे आले" म्हणून कितीतरी मुलींना जोगतीण केले गेले, त्यांत आपल्याच वस्त्यांतल्या मुली जास्त होत्या. बाबासाहेबांनी १९३६ साली मुंबईत देवदासी, जोगतिणी, पोतराज यांच्या सभेत हे जिणे सोडा असे सांगितले होते. महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला. आजही पुण्याच्या नंदिनी जाधव आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघरी बायकांची समजूत काढून जटा कापतात. जट जड होऊन मान दुखते, आत उवा आणि जखमा होतात. ती कापल्याने कोणावर कोप होत नाही. तुमच्या शेजारात अशी बहीण असेल तर तिला हसू नका, तिच्याशी बोला.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

साधा कोंडा असेल तर केटोकोनाझोल दोन टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरतात. लावून तीन ते पाच मिनिटे ठेवायचा, मग धुवायचा. घाई करून लगेच धुतला तर औषध फुकट जाते. नंतर गरजेप्रमाणे आठवड्या-पंधरवड्यातून एकदा. कोंडा परत येऊ शकतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आधी विचारून घ्यावे.

महिनाभरात फरक नाही, डोक्यात पू किंवा लाल जाड चट्टे आहेत, गोल टक्कल पडते आहे, मुलाच्या डोक्यात केस तुटून खवले धरलेत, तर घरगुती उपाय थांबवा आणि जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात दाखवा. मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णाला नुसता शाम्पू पुरत नाही, पोटातून गोळ्या लागतात.

त्या मुलीचे रोजचे तेल आम्ही बंद करायला सांगितले, दिवसाआड न्हाणे ठरवले आणि औषधाचा शाम्पू दिला. महिन्याने पुन्हा तपासणीला गेलो तेव्हा ती ओढणी न घेता आली. आईने आमच्यासमोर तिच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "ताई, आता धाकटीलाही रविवारची वाट बघायला लावत नाही."

जय भीम.