पाळण्याच्या कडीला टांगलेली सायकल

संपादकांचा निरोप एका ओळीचा होता: मिरा रोडच्या नया नगरात एक कॉलेजातला मुलगा माउंटन बाइक घरीच दुरुस्त करायला शिकतोय, बघून या. मला हसू आलं. नया नगरात डोंगर कुठे? स्टेशनपासून थेट इमारतींची गर्दी सुरू होते. जंगलाचा डोंगर गाठायचा तर हायवे ओलांडून पलीकडे जायला हवं.

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सायकल छताला लटकत होती. पाळण्यासाठी बसवलेल्या कडीतून दोर ओवून सीटला बांधला होता. ‘याच कडीला हा झोपायचा,’ आई म्हणाली. ‘आता हिला झोपवतो.’

या प्रकारच्या सायकलीचा इतिहास मॅरिन काउंटीचा, कॅलिफोर्नियातला. १९७६ साली तिथली काही मंडळी जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरउतारावरून सोडू लागली. खाली पोहोचेपर्यंत मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून धूर निघे आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे. म्हणून त्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. म्हणजे या खेळाचं बारसंच दुरुस्तीवरून झालं. १९८१ साली ‘स्टम्पजम्पर’ नावाची सायकल बाजारात आली आणि माउंटन बाइक कारखान्यातून घाऊक निघू लागली. एवढा इतिहास पुरे, कारण माझी नजर मागच्या चाकाशी लोंबणाऱ्या त्या छोट्या सांगाड्यावर खिळली होती.

त्याला डिरेलर म्हणतात. गल्लीतले सायकलवाले नुसतं ‘गिअर’ म्हणतात. दोन दातेरी चकत्या, एक स्प्रिंग आणि एक तार. तार ओढली की चेन मोठ्या चक्राकडे चढते, सोडली की स्प्रिंग तिला लहानाकडे आणते. ‘एच’ आणि ‘एल’ असे दोन स्क्रू असतात. नवशिका आधी तेच पिळतो आणि फसतो. ते स्क्रू गिअर लावत नाहीत, नुसतं कुंपण घालतात: चेन स्पोकमध्ये जाऊ नये, फ्रेमवर पडू नये. खरा कारभार तारेच्या ताणाचा. तारेच्या आवरणाच्या टोकाची गोल चकती घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवली की तार घट्ट होते. पाव फेरा, जास्त नाही. मुलगा पेडल हाताने फिरवत डोळे मिटून ऐकत होता. तानपुरा लावणारे आठवले.

दोन आठवडे मात्र तो याच चकतीशी झगडला होता. चेन चढताना ठीक, उतरताना अडायची. तार सैल केली की उतरायची, पण चढेना. शेवटी वैतागून तार उपसली तर आतून तपकिरी निघाली. खाडीकाठची हवा आणि पावसाळा. आवरणाच्या आतच गंज धरला होता. घट्ट तारेची आणि गंजलेल्या तारेची लक्षणं सारखीच. डॉक्टरांनाही असे रोगी भेटतात.

चेनचं माप त्याने शाळेच्या बारा इंची पट्टीने दाखवलं. चेनच्या दोन रिव्हेटांत अर्धा इंच अंतर, म्हणजे चोवीस अंतरांचे बरोबर बारा इंच. शेवटचं रिव्हेट पट्टीबाहेर दीड मिलिमीटर सरकलं की चेन बदलायची. उशीर केला तर झिजलेल्या चेनने चक्रंही खाल्लेली असतात आणि त्यावर नवी चेन घसरते. खर्च दुप्पट.

मागची चक्रं ज्यावर असतात ते फ्रीव्हील काढायला वेगळं साधन लागतं, वर जबडा घट्ट धरणारा व्हाइस. तो फ्लॅटमध्ये ठोकायचा कुठे? तेवढ्यापुरतं चाक घेऊन मुलगा खालच्या सायकलवाल्याकडे जातो. सायकलवाला चाकाचा आउट काढतो, छर्रे बदलतो, ‘ओव्हरऑइलिंग’ करतो (ओव्हरहॉलिंगला आपण दिलेलं हे नाव मला मूळ शब्दापेक्षा अचूक वाटतं). सात गिअर दिसले की मात्र ‘उद्या ठेवून जा’ म्हणतो.

नवी तार घातली, तरी मधल्या दोन गिअरांत खरखर उरली होती. मुलाने मला सायकलीमागे बसवून डिरेलरकडे बघायला सांगितलं. तो सरळ लोंबत नव्हता, किंचित चाकाकडे वळला होता. पार्किंगमध्ये कुणाची तरी स्कूटर टेकली असेल. ज्या अॅल्युमिनियमच्या कानाला तो अडकवलेला असतो, तो मुद्दाम मऊ ठेवतात, फ्रेमऐवजी त्याने वाकावं म्हणून. पण वाकलेला कान कुठल्याही स्क्रूने सरळ होत नाही. मुलाने बोल्टमध्ये षटकोनी चावी अडकवली, थोडं बाहेर ओढलं, पेडल फिरवलं. खरखर कमी झाली. पुन्हा ओढताना हात थांबला.

‘तुटला तर?’ मी विचारलं.

‘तर याच मापाचा शोधत फिरायचं,’ तो म्हणाला आणि चावी काढून ठेवली.

आईने आत येऊन विचारलं, कडी कधी मोकळी होणार. त्याने बोटाने मधले दोन गिअर दाखवले आणि पेडल पुन्हा फिरवायला घेतलं.