विरजणाचे कपाट

येत्या जुलैत एका अहवालाला दहा वर्षे पूर्ण होतील, आणि ज्या शहराच्या नावाने तो निघाला त्या शहरात त्याची दशकपूर्ती साजरी करण्याची बुद्धी कोणालाही होणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. जुलै २०१६ मध्ये, लीड्समध्येच कचेरी असलेल्या नॉर्दर्न गॅस नेटवर्क्स या कंपनीने 'एच-२१ लीड्स सिटी गेट' नावाचा जो जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या शहराखालच्या नळांतून खनिज वायूऐवजी हायड्रोजन खेळवण्याची, तो टीसाइड येथे तयार करण्याची, त्यातून निघणारा कार्बन समुद्रतळाखाली पुरण्याची आणि तीन वर्षांच्या केवळ उन्हाळ्यांत सारे शहर वस्तीवस्तीने नव्या वायूवर आणण्याची तजवीज इतक्या तपशिलाने मांडलेली होती की, आता फक्त सरकारी मोहोर उमटायची काय ती बाकी आहे असे वाचणाऱ्याला वाटावे. मी तो वाचला आणि स्वस्थ बसलो. ही कबुली आधीच दिलेली बरी; पुढे ज्यांच्यावर रागावणार आहे त्यांच्या यादीत माझेही नाव आहे.

हायड्रोजनची वाट पाहत ज्याच्याकडे मी पाठ फिरवली, त्या हीट पंपाची जन्मकथा लांबवण्यात मला स्वारस्य नाही. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्ये तत्त्व सांगितले, जॉन समनर यांनी १९४५ च्या सुमारास नॉरिच येथे नदीतल्या उष्णतेवर एक इमारत उबवून दाखवली, आणि १९५१ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलसाठी थेम्समधून ऊब उपसण्याचा प्रयोग झाला. म्हणजे ज्या देशात हे यंत्र आजही परक्यासारखे दारात तिष्ठत असते, तेथेच त्याचे माहेर आहे. तत्त्वही गूढ नाही. फ्रिजच्या पाठीला हात लावला की आतून उपसून बाहेर टाकलेली ऊब हाताला लागते. तोच व्यवहार उलटा केला की बाहेरच्या गारठ्यातली ऊब घरात आणता येते, आणि एका युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता पदरात पडते. पण १९६७ ते १९७७ या काळात उत्तर समुद्रातला वायू घरोघर पोहोचला, आणि वायूच्या त्या सुकाळात असल्या हिशेबी यंत्राची आठवण कोण ठेवणार?

मी १९७८ च्या जानेवारीत या शहरी आलो. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर, जिन्यालगत, एक अरुंद कपाट होते. त्यात लाल गोधडी गुंडाळलेली तांब्याची गरम पाण्याची टाकी, आणि तिच्यावर तीन लाकडी फळ्या. शेजारीण आपल्या घरच्या तशाच कपाटात टॉवेल सुकवी. माझ्या पत्नीने पहिल्याच आठवड्यात खालच्या फळीवर विरजण लावले आणि मधल्या फळीवर फडक्यात बांधून मटकी ठेवली. बाहेर बर्फ पडत असताना सकाळी कवडीदार दही आणि बोटाच्या पेराएवढे मोड या कपाटाने आम्हांला अठ्ठावीस हिवाळे दिले. २००५ च्या एप्रिलपासून नवा बॉयलर कंडेन्सिंग जातीचाच असावा असे फर्मान निघाले, पुढच्या वर्षी आमचा जुना बॉयलर थकला, आणि त्याच्या जागी टाकी न लागणारा कॉम्बी बॉयलर आला. सोयीचा होता, यात वाद नाही. टाकी भंगारात गेली, आणि कपाटात व्हॅक्यूम क्लीनर उभा राहिला.

मधली दहा वर्षे सांगण्यासारखी नाहीत. मग अहवाल आला, आणि हायड्रोजनची वाट पाहण्याचे पर्व सुरू झाले. घरातले काही बदलायचे नाही, फक्त नळातला वायू बदलेल, हे आश्वासन गोड होते. विजेपासून हायड्रोजन करून जाळण्यापेक्षा तीच वीज पंपाला दिली तर सुमारे पाचपट ऊब मिळते, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब मांडणाऱ्यांकडे आम्ही कानाडोळा केला. २०२३ च्या जुलैत एल्स्मियर पोर्टनजीकच्या व्हिटबी गावातील प्रयोग (आमच्या यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचे व्हिटबी हे नव्हे) रहिवाशांच्या विरोधामुळे रद्द झाला, डिसेंबरात रेडकारचाही गुंडाळला गेला, आणि लीड्सच्या ग्रंथावर धूळ बसली.

दरम्यान सरकारी योजनांचा पोरखेळ चालूच होता. सप्टेंबर २०२० मध्ये गाजावाजाने निघालेली ग्रीन होम्स ग्रँट सहा लाख घरे सुधारणार होती. मार्च २०२१ अखेर ती बरखास्त झाली, तेव्हा पन्नास हजारांचाही पल्ला गाठता आला नव्हता. त्या सहा महिन्यांत एक ठेकेदार आमच्याकडे येऊन, चहा घेऊन, भिंतींची मोजमापे टिपून गेला, आणि ग्रँट बंद झाल्याच्या दिवसापासून त्याने माझा फोन उचलला नाही. २०२२ मध्ये हीट पंपासाठी पाच हजार पौंड देणारी नवी योजना आली. २०२३ च्या सप्टेंबरात पंतप्रधान सुनक यांनी एकाच भाषणात ही रक्कम साडेसात हजारांवर नेली आणि वायूचे बॉयलर हटवण्याच्या २०३५ च्या मुदतीतून काही घरांना सूटही दिली. वर्षाला सहा लाख पंपांचे उद्दिष्ट २०२८ साठी जाहीर झाले होते; २०२४ मध्ये एक लाखही विकले गेले नाहीत.

माझी पुतणी स्वीडनमध्ये उप्साला येथे राहते. मी हे सारे फोनवर सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, "काका, इथे हीट पंपावर कोणी बोलतच नाही. नळावर कोणी बोलतं का?" तेथे शंभरांतील चाळीसहून अधिक घरांत, नॉर्वेत साठहून अधिक घरांत हे यंत्र आहे, आपल्याकडे जेमतेम एक-दोन. म्हणजे थंडीत पंप चालत नाही ही सबब त्या उत्तरेकडच्या देशांनी निकालात काढली आहे. स्वीडनची वाटही सरळ नव्हती: १९७३ च्या तेलसंकटानंतर पंप लागले, ऐंशीच्या दशकात तेल उतरताच मागणी कोसळली आणि वाईट कारागिरीने यंत्राची अब्रू गेली. पण त्यांनी नाद सोडला नाही. १९९१ मध्ये कार्बनवर कर बसवला, आणि चांगली यंत्रे घडवून घेण्यासाठी सरकारने स्वतः पुढाकार घेतला. नॉर्वेने २०२० पासून खनिज तेलावर घर तापवणेच बंद केले. जर्मनीत मात्र २०२३ च्या घरे तापवण्याच्या कायद्यावरून सरकार मोडता मोडता राहिले. आमच्याकडे कायद्यावर भांडण होण्याइतका कायदाच टिकत नाही.

आणि विजेचा भाव. येथे विजेचे एक युनिट वायूच्या जवळजवळ चौपट पडते, कारण हरित धोरणांचा खर्च वर्षानुवर्षे विजेच्याच बिलावर चढवला गेला; तिप्पट ऊब देणारे यंत्र चौपट महाग इंधनावर चालवा, असे गृहस्थाला सांगणे म्हणजे तोट्याचा धंदा गळ्यात मारणे होय. लीड्सच्याच खासदार असलेल्या अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी गेल्या नोव्हेंबरात त्या जुन्या बोजाचा पाऊण हिस्सा तीन वर्षांपुरता एप्रिलपासून सरकारी तिजोरीवर घेतला. उशिरा का होईना, योग्य दिशेचे हे पहिले पाऊल, असे मी म्हणेन; पण तीन वर्षांनंतर काय, ते कोणी लिहून दिलेले नाही.

शिवाय हे शहर साऱ्या इंग्लंडहून आडमुठे. हेअरहिल्समध्ये माझे एक निवृत्त बसचालक स्नेही पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरात राहतात. लीड्सने असली घरे १९३७ पर्यंत बांधली, आणि आजही सुमारे एकोणीस हजार उभी आहेत. तीन भिंती शेजाऱ्यांच्या, चौथी रस्त्यावर. परसू नाही, पुढच्या हातभर अंगणात कचऱ्याचे दोन डबे. हीट पंपाचा बाहेरचा पंखा शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर दूर असावा, हा नियम गेल्या वर्षीच्या मेमध्ये उठला खरा, पण तो ठेवायचा कोठे? क्रॉस ग्रीनच्या कचराभट्टीची ऊब नळांनी सॅक्स्टन गार्डन्सच्या सदनिकांपर्यंत गेली आहे. हेअरहिल्सच्या गल्ल्यांना तशाच सामाईक सोयीची गरज आहे, आणि नगरपालिकेने पहिली खोदाई तेथून करावी.

आमच्या घराचे म्हणाल, तर गेल्या आठवड्यात एक तरुण कारागीर येऊन गेला. त्याने रेडिएटर मोजले, सत्तरीच्या दशकातल्या आठ मिलिमीटरच्या बारीक तांब्याच्या नळ्या पाहून मान हलवली, आणि टाकी कोठे बसवायची असे विचारले. मी ते कपाट उघडून दाखवले. जागा पुरेल, म्हणाला. दोनशे लिटरची टाकी येईल. फळ्यांविषयी मी विचारले तेव्हा त्याने समजावून सांगितले की नव्या टाकीचे आवरण इतके घट्ट असते की कपाट मुळीच उबत नाही. दरखास्त मी भरली आहे. विरजण ओव्हनमध्येच, दिवा लावून, ठेवावे लागेल.